सोसण्याचे नव्हे, उपचाराचे दुखणे

महाराष्ट्रात फिजिओथेरपीची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या पदवीपत्रावर नाशिकचे नाव असते. १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय म्हसरूळ येथे दिंडोरी रस्त्यावर आहे, आणि राज्यभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांप्रमाणेच फिजिओथेरपीच्या महाविद्यालयांचा अभ्यासक्रम व परीक्षा यांचा कारभार तेथूनच चालतो. ही गोष्ट नाशिकला भूषणावह आहे, यात शंका नाही. परंतु ज्या जिल्ह्यातून या विद्येवर मोहोर उठते, त्याच जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील, आणि नाशिक शहरातीलही, असंख्य स्त्रिया एक दुखणे आयुष्यभर निमूटपणे सोसत असतात. त्या दुखण्यावर याच विद्येत उपचार आहे, हे त्यांना ठाऊक नसते. ते दुखणे म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे दुबळेपण.

फिजिओथेरपी म्हटले की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे गुडघा, मान, कंबर किंवा फार तर अर्धांगवायूचा रुग्ण येतो. मोडलेला हात प्लॅस्टरमधून निघाल्यावर व्यायाम करावा लागतो, हे आता सर्वांना पटले आहे. पण शरीराच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी असलेल्या स्नायूंनाही दुखापत होते, तेही थकतात आणि शास्त्रशुद्ध व्यायामाने पुन्हा सावरतात, ही कल्पना अजून समाजात रुजलेली नाही. म्हणूनच या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करणे अगत्याचे आहे.

झोळी आणि तिचा ताण

ओटीपोटाभोवती हाडांचे एक कडे असते. त्या कड्याच्या तळाशी, समोरच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांचा भार ही झोळी पेलते. लघवी व शौच रोखून धरणे आणि योग्य वेळी सैल सोडणे हेही तिचेच काम. माणूस खोकतो, शिंकतो, हसतो किंवा वजन उचलतो तेव्हा पोटातील दाब एकदम वाढतो आणि त्याच क्षणी ही झोळी आपोआप आवळली जाते. ही क्रिया इतकी सहज घडते, की ती बिघडेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

बिघाडाची कारणे अनेक आहेत. गर्भारपणाचे नऊ महिने व त्यानंतरचे बाळंतपण हे त्यांतले प्रमुख. प्रसूतीच्या कळा फार वेळ चालल्या, बाळ मोठे असले, चिमटा लावावा लागला किंवा लागोपाठ बाळंतपणे झाली तर हे स्नायू अधिक ताणले जातात, प्रसंगी फाटतात. पाळी गेल्यानंतर तेथील उतींचा कस कमी होतो. जुनाट खोकला, सततचा मलावरोध, वाढलेले वजन आणि रोजची अवजड ओझी यांनी त्यात भर पडते. ज्या घरात चुलीचा धूर आहे त्या घरात खोकला आहे; ज्या पाड्यावर उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरून पाणी भरावे लागते तेथे डोक्यावर हंडे आहेत. बाळंतपणानंतर पुरेशी विश्रांती न मिळता कामावर परतणारी मजूर स्त्री ही सर्व कारणे एकाच वेळी अंगावर घेत असते.

परिणाम दोन प्रकारचे दिसतात. झोळी ढिली पडली की खोकताना, शिंकताना लघवी सुटते. कधी लघवीची घाई इतकी होते, की मोरीपर्यंत पोहोचणे होत नाही. कधी योनिमार्गात जडपणा वाटून गर्भाशय वा मूत्राशय खाली उतरते, म्हणजेच आपल्या बायका ज्याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात तो विकार होतो. याउलट काहींच्या बाबतीत हे स्नायू ढिले न पडता आखडून बसतात. मग ओटीपोटात सतत दुखते, लघवी पूर्ण होत नाही, शौचाला त्रास होतो, वैवाहिक संबंध वेदनामय होतात. पहिल्या प्रकारात स्नायू बळकट करावे लागतात, दुसऱ्यात ते सैल सोडायला शिकावे लागते. हा फरक फार महत्त्वाचा आहे. शेजारणीने सांगितलेला किंवा कोठे तरी वाचलेला व्यायाम सरसकट करणे का योग्य नाही, याचे उत्तर या फरकात आहे. आणि हा केवळ स्त्रियांचाच प्रश्न आहे असेही नाही. प्रॉस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर अनेक पुरुषांना लघवीवर ताबा राहत नाही, त्यांनाही याच उपचाराचा उपयोग होतो.

मौनाची किंमत

इतका सर्रास आढळणारा विकार चर्चेत का येत नाही? याचे उत्तर महाराष्ट्रातीलच एका अभ्यासाने पूर्वीच दिले आहे. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग वा लैंगिक आजार होता; मात्र त्यापूर्वी कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण केवळ ८ टक्के होते. तो अभ्यास ओटीपोटाच्या स्नायूंपुरता नव्हता हे खरे. परंतु स्त्रीच्या कमरेखालच्या दुखण्याविषयी समाज, शासन आणि वैद्यकशास्त्र किती अनभिज्ञ राहिले आहे, ते त्याने जगापुढे मांडले. ज्या महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवून शरीराविषयी मोकळेपणाने बोलण्याचा आग्रह धरला, त्याच महाराष्ट्रात शिकलेली स्त्रीसुद्धा लघवी सुटते हे डॉक्टरांना सांगताना आजही मान खाली घालते.

हे मौन केवळ खेड्यापाड्यांतले नाही. शहरातील शिक्षिका आणि कार्यालयातील लिपिक स्त्रिया यांचा दिनक्रम पाहावा. सकाळी एस. टी.ने तालुक्याच्या गावी जायचे, शाळेत धड स्वच्छतागृह नाही म्हणून घरून निघताना पाणीच प्यायचे नाही, दिवसभर लघवी रोखून धरायची, आणि संध्याकाळी परतल्यावर एकदम तांब्याभर पाणी प्यायचे. पाणी कमी प्यायल्याने लघवी दाट होऊन मूत्राशयाला खुपते, मलावरोध वाढतो आणि कुंथण्याने त्या झोळीवर पुन्हा ताण येतो. याच्या उलट, लघवी सुटेल या धास्तीने गरज नसताना वारंवार जाण्याची सवय लागली, तर मूत्राशयाची धारणशक्ती कमी होत जाते. पुढे लांबचा प्रवास टळतो, लग्नकार्याला जाणे टळते, नातवंडाला उचलून घेणे टळते. बाहेरून धडधाकट दिसणारी स्त्री हळूहळू आपल्या घरातच कोंडली जाते. या विकाराने सहसा जीव जात नाही; पण त्याने जगणे आक्रसते.

मौनाची याहूनही मोठी किंमत बीड जिल्ह्याने मोजली आहे. ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली ऐरणीवर आला तेव्हा राज्य सरकारने श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षण झालेल्या ८२ हजार ३०९ स्त्रियांपैकी १३ हजार ८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यामागे दारिद्र्य, कामाचे खाडे, मुकादमाची उचल आणि खासगी व्यवहार अशी अनेक कारणे होती. त्या सर्वांचे खापर एका अज्ञानावर फोडता येणार नाही. तथापि ओटीपोटातील कोणत्याही तक्रारीवर ‘पिशवी काढून टाका’ हा एकच तोडगा समाजाने स्वीकारला, की काय होते, हे त्या आकड्यांतून दिसते. वास्तविक पिशवी काढल्याने तळाची झोळी बळकट होत नाही. उलट पुढे लघवीच्या किंवा अंग उतरण्याच्या तक्रारींचा धोका वाढू शकतो. शस्त्रक्रिया काही रुग्णांना आवश्यकच असते. पण ती उपचाराची पहिली पायरी नव्हे.

उपचाराचे स्वरूप

शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात महाराष्ट्राचे कर्तृत्व मोठे आहे. गर्भाशय सावरून धरण्याच्या शस्त्रक्रियांमध्ये मुंबईच्या डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांची नावे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहेत. व्यायामाच्या उपचाराचा इतिहासही काही कालपरवाचा नाही. आर्नोल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. स्नायूंचा जोर मोजण्याचे एक साधनही त्याने तयार केले होते. आपल्याकडील हठयोगाच्या परंपरेत मूलबंध व अश्विनी मुद्रा यांच्या रूपाने या भागाच्या आकुंचनाचा विचार त्यापूर्वी कित्येक शतके झालेला आहे. मात्र योगाची साधना आणि रुग्णावरील उपचार यांत भेद केला पाहिजे. उपचारात आधी दोष कोणता, हे तपासावे लागते आणि मग व्यायामाची मात्रा ठरवावी लागते.

उपचारासाठी गेल्यावर काय घडते, याविषयी मनात भीती असते; ती माहितीनेच जाऊ शकते. पहिल्या भेटीचा बराचसा वेळ बोलण्यातच जातो. बाळंतपणे किती व कशी झाली, लघवी केव्हा सुटते, शौचाची तक्रार आहे का, काम कोणते, ओझे किती उचलावे लागते, असे प्रश्न विचारले जातात. बहुधा तीन दिवसांची एक नोंदवही ठेवायला सांगतात: पाणी, चहा किती वेळा व किती घेतला, लघवीला किती वेळा जावे लागले, केव्हा सुटली. शिक्षक आणि कारकून यांना नोंदवहीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. कित्येकदा निम्मे निदान त्या नोंदीतूनच होते.

त्यानंतर श्वास, पोट, पाठ व कंबर यांची तपासणी होते. स्नायू नेमके आवळले जातात की नाही हे पाहण्यासाठी, हातमोजा घालून एका बोटाने आतून तपासणी करावी लागू शकते. येथे एक गोष्ट प्रत्येक स्त्रीने पक्की ध्यानात ठेवावी. ही तपासणी तिच्या संमतीशिवाय होऊ शकत नाही. का करायची ते आधी समजावून घेण्याचा, सोबत कोणाला तरी थांबवून घेण्याचा, मध्येच थांबायला सांगण्याचा, किंवा मुळीच नको म्हणण्याचा तिला अधिकार आहे. नकार दिला म्हणून उपचार अडत नाही. बाहेरून पाहून वा सोनोग्राफीच्या साहाय्यानेही बरेच काही कळते.

पुढचा टप्पा शिकण्याचा. अपानवायू रोखताना आणि लघवी थांबवताना जे स्नायू आपण आत, वर ओढून घेतो तेच ते स्नायू. ते ओढताना श्वास कोंडायचा नाही, मांड्या व नितंब आवळायचे नाहीत. काही सेकंद धरायचे आणि तितकाच वेळ पूर्णपणे सैल सोडायचे. कारण सैल सोडणे हाही व्यायामाचाच भाग आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शिकेने २०१९ साली दिलेल्या सूचनेनुसार एका वेळी किमान आठ आकुंचने, दिवसातून तीन वेळा, आणि तीही देखरेखीखाली किमान तीन महिने, हा लघवी सुटण्याच्या विकारावरील पहिला उपचार मानला जातो. खोकला वा शिंक येण्यापूर्वी स्नायू आवळून घेण्याची युक्तीही शिकवली जाते. जोडीला मूत्राशयाला हळूहळू धीर धरायला शिकवणे, मलावरोध घालवणे आणि वजन उचलताना श्वास बाहेर सोडणे अशा गोष्टी असतात. काहींना विद्युत उत्तेजनाची किंवा पडद्यावर स्नायूंची हालचाल दाखवणाऱ्या यंत्राची मदत दिली जाते, काहींना अंग सावरून धरणारी कडी बसवली जाते. परंतु यंत्र हे साहाय्य आहे, उपचार नव्हे. लघवी करताना धार मध्येच तोडून व्यायाम करण्याची सवय मात्र लावू नये. त्याने मूत्राशयाचे काम बिघडू शकते.

केवळ वाचून हा व्यायाम जमेल, असेही कोणी समजू नये. १९९१ साली अमेरिकेत ४७ स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात थोडक्यात तोंडी सूचना दिल्यानंतर जेमतेम निम्म्या स्त्रियांनाच स्नायू योग्य रीतीने आवळता आले. सुमारे चतुर्थांश स्त्रिया तर उलट खाली जोर देत होत्या, म्हणजे विकार वाढेल असे करीत होत्या. म्हणून निदान एकदा तरी जाणकाराने तपासून ‘हे बरोबर आहे’ असे सांगणे आवश्यक ठरते.

अपेक्षा किती ठेवावी

उपचाराविषयी अवाजवी आशा बाळगणे जितके चुकीचे, तितकीच निराशाही चुकीची. स्नायू एका आठवड्यात बळकट होत नाही. सहा ते बारा आठवड्यांत फरक जाणवू लागतो आणि पुढे तो टिकवावा लागतो. जगभरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१८ साली कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. खोकताना लघवी सुटणाऱ्या स्त्रियांपैकी व्यायाम केलेल्यांत सुमारे ५६ टक्क्यांनी आपण बऱ्या झालो असे सांगितले. व्यायाम न केलेल्यांत हे प्रमाण सुमारे ६ टक्के होते. औषधाच्या एखाद्या गोळीने असा फरक दाखवला असता तर तिची जाहिरात चौकाचौकांत झळकली असती. अंग थोडे उतरले असेल तर व्यायामाने त्रास कमी होतो. पूर्ण बाहेर आले असेल तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. तसेच लघवीतून रक्त जाणे, ताप येणे, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होणे, किंवा मांड्यांच्या मधल्या भागात एकाएकी बधिरता येणे ही लक्षणे दिसल्यास व्यायामाच्या मागे न लागता तातडीने डॉक्टरांकडे गेले पाहिजे.

‘आमच्या आज्यांनी दहा-दहा बाळंतपणे केली, त्यांना कोठे व्यायाम लागला?’ असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला उत्तर एवढेच, की त्या आज्यांना कोणी विचारले नव्हते. त्यांच्या तक्रारी नोंदल्या गेल्या नाहीत म्हणजे त्या नव्हत्या असे होत नाही. ‘वयापरत्वे हे व्हायचेच’ हा दुसरा आक्षेप. वयानुसार दृष्टीही अधू होते. म्हणून कोणी चष्मा नाकारीत नाही.

करता येण्याजोगे

शासनाने यासाठी नवी भव्य योजना आखावी असे नाही. असलेल्या यंत्रणेतच हे काम बसू शकते. नवजात बालकाच्या काळजीसाठी आशा कार्यकर्ती प्रसूतीनंतरच्या ४२ दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी भेट देते. ती बाळाचे वजन करते, ताप पाहते. त्याच भेटीत आईला दोन प्रश्न विचारता येतील: लघवी सुटते का? खाली जडपणा वाटतो का? २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर स्त्रियांची तपासणी होते. त्या दिवशी दहा मिनिटे या व्यायामाच्या शिक्षणाला देता येतील. कारण गरोदरपणातच व्यायाम सुरू केल्यास पुढचा त्रास टळण्याची शक्यता अधिक असते, असेही संशोधन सांगते. फ्रान्समध्ये प्रसूतीनंतरच्या या उपचाराचा खर्च सामाजिक विमा उचलतो. आपल्याकडे विम्याच्या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहेत. पिशवी काढण्यासाठी आधार आणि पिशवी वाचवण्यासाठी मात्र पदरमोड, ही विसंगती दूर झाली पाहिजे.

आणि येथेच नाशिकचे उत्तरदायित्व येते. ज्या विद्यापीठाच्या हाती राज्यातील अभ्यासक्रम आहे, त्याने स्वतःच्या जिल्ह्यापासून आरंभ करावा. स्त्री-आरोग्य हा विषय फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला पुस्तकात शिकावा लागतोच. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या विद्यार्थिनींना त्यांच्या अध्यापकांसह आठवड्यातून एक दिवस पेठ, सुरगाणा, हरसूल येथील ग्रामीण रुग्णालयांत पाठवले, तर शिक्षणही होईल आणि सेवाही. बारा बंगल्यांच्या वस्तीत जे मिळते ते बारा घरांच्या पाड्यावर मिळू नये, असा काही शास्त्राचा नियम नाही. सोप्या मराठीत आणि डोंगरी भागातील बोलींत सचित्र पुस्तिका निघावी. तीत ‘अंग बाहेर येणे’ यासारखे बायकांच्या तोंडचे शब्द असावेत. जे शब्द रुग्णाला कळत नाहीत त्यांनी उपचार पोहोचत नाही.

मात्र व्यायाम शिकवून समाजाला आपली जबाबदारी झटकता येणार नाही. डोक्यावरचे हंडे तसेच ठेवून स्नायू बळकट करण्याचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा ठरेल. नळाचे पाणी, धुरापासून सुटका, शाळा-कचेऱ्यांत आणि बसस्थानकांवर वापरण्याजोगी स्वच्छतागृहे, बाळंतिणीला हक्काची विश्रांती, ही सर्व या उपचाराचीच अंगे आहेत. पाण्याच्या योजनेची आणि शाळेच्या स्वच्छतागृहाची फाइल हातावेगळी करणारा कारकून हाही या अर्थाने स्त्रियांच्या आरोग्याचा सेवक आहे. वर्गात शरीरशास्त्राचा धडा न संकोचता शिकवणारी शिक्षिका पुढच्या पिढीचे मौन मोडू शकते.

स्त्रीच्या सोशिकतेचे गोडवे आपल्याकडे पुष्कळ गायले गेले. परंतु ज्यावर इलाज आहे ते दुखणे सोसत राहणे हा सद्गुण नव्हे. तो तिच्यावर लादलेला नाइलाज आहे. हा नाइलाज संपवण्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. एक जाणकार माणूस, एक स्वच्छ खोली, आडोशाला एक पडदा, आणि विचारले गेलेले दोन साधे प्रश्न, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. तो नाशिकमध्ये व्हावा, हेच उचित होय.